तंबोरा गेला कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्याकडे सध्या तीन मायक्रोफोन आहेत आणि तिन्ही ठणठणीत आहेत. पहिला लॅपटॉपच्या अंगचाच. तो 'वीक झालाय' असं दुकानदार म्हणाला म्हणून दुसरा घेतला, दुसरा 'हलक्यातला' निघाला म्हणून तिसरा. दोन्ही मिळून चार हजार सातशे रुपये. मी गायनाच्या शिकवणीची फी महिन्याला सातशे घेते. म्हणजे एका मुलीची जवळजवळ सात महिन्यांची शिकवणी दुकानाच्या गल्ल्यात गेली.

ऑनलाइन शिकवणीत माझा तंबोरा मुलींपर्यंत पोचत नव्हता, पण बिघाड मायक्रोफोनात नव्हताच. तो कुठे होता हे कळायला मला पाच महिने लागले आणि ज्याने सांगितलं त्याने एक रुपया घेतला नाही. दुकानदाराचं नाव लिहीत नाही, कारण तो आमच्याच पेठेतला आहे आणि त्याची आई आणि मी एकाच भिशीत आहोत. माझंही नाव छापू नये, कारण तेच.

मी मिरजेची. एकतीस वर्षं गाणं शिकवते. मिरज म्हटल्यावर तंबोऱ्याविषयी वेगळं सांगायला नको. सतारमेकर गल्लीतून शाळेला जाताना ओळीने मांडलेले भोपळे ओलांडतच आम्ही मोठ्या झालो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी घरात शिरा केला होता. माझा तंबोरा त्याच गल्लीतला, वडिलांनी घेतलेला.

2020 च्या टाळेबंदीत शिकवणी फोनवर आली. तेव्हा जे ऐकू येईल त्यात समाधान मानत होतो. पुढे शाळा सुरू झाल्या, इथल्या मुली परत सतरंजीवर येऊन बसल्या, पण लांबच्या तीन राहिल्याच: एक पुण्यात, एक मेलबर्नला, एक न्यू जर्सीत. त्यांच्यासाठी लेकीचा जुना लॅपटॉप मागून घेतला.

पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला तंबोरा मिळवून बसले. न्यू जर्सीत तेव्हा शनिवारचे रात्रीचे नऊ. पडद्यावर बारा वर्षांची मुलगी, मागे सोफ्यावर तिची आजी. मी तारा छेडत म्हटलं, "लाव षड्ज." मुलगी गप्प. मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "बाई, तंबोरा सुरू करा ना."

तंबोरा माझ्या मांडीवर वाजत होता. सगळी खोली भरली होती. मी वाकून भोपळा लॅपटॉपला जवळजवळ टेकवला. "आता आला," ती म्हणाली, "गेला." परत छेडलं. "आला. गेला." बोट तारेवरून सुटताना जो टवका उडतो तेवढा तिकडे पोचत होता. त्याच्या मागची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा सूर, जिच्यासाठी घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत आपण अर्धा अर्धा तास घालवतो, ती साफ गुडुप.

मग मी स्वतःच षड्ज लावून दाखवला, लांब. पाच-सात सेकंद झाले असतील, आजींचा आवाज आला, "बाई, दम पुरत नाही का हो आता?" बोलल्या त्या काळजीनेच. पण एकतीस वर्षं खर्ज भरल्यावर हे ऐकायचं म्हणजे काय ते गाणाऱ्यांना कळेल. दम माझा संपला नव्हता. मधेच कोणीतरी सूर गिळत होतं.

दुकानात नेल्यावर काय झालं ते वर आलंच आहे. लॅपटॉपच्या भोकांवर फुंकर मारून निदान झालं. नवा मायक्रोफोन लावल्यावर माझं बोलणं इतकं स्वच्छ जायला लागलं की मुली खूश झाल्या. तंबोरा मात्र नाही. तिसरा आणला, त्याला स्टँड होता, पुढे जाळीही होती. तंबोरा नाहीच. मेलबर्नच्या मुलीच्या वडिलांनी सुचवलं, "बाई, त्यापेक्षा इकडे आम्हीच मोबाइलवर तंबोरा लावू का?" अखेर तेच करत होतो. प्रत्येकीच्या घरी तिचा तिचा तंबोरा, आणि मी मिरजेत वडिलांचा तंबोरा गवसणीत घालून बसलेली.

आता ज्याने सांगितलं त्याच्याविषयी. आमच्याकडच्या कार्यक्रमांना, उरुसापासून गणपतीपर्यंत, लाउडस्पीकर लावणारा एक मिस्त्री आहे. शिक्षण फार नाही. एका बैठकीच्या वेळी त्याच्यापाशी सहज हा विषय काढला, तर वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "बाई, आवाज कुठं मरतोय ते बघायचं आधी. माईकपासून निघायचं, एकेक ठेसन बघत पुढं जायचं. तुम्ही तर डायरेक्ट इंजिनच बदललं की."

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. आल्या आल्या त्याने शिकवणीचा प्रोग्रॅम बंदच केला. "मधी कुणाला घ्यायचं न्हाई." विंडोजमध्ये आवाज टिपण्याचा साधा साउंड रेकॉर्डर असतो, तो उघडला आणि म्हणाला, "वाजवा." मी दहा सेकंद वाजवलं. त्याने तेच परत लावलं, लॅपटॉपच्याच अंगच्या, 'वीक' झालेल्या मायक्रोफोनवरून टिपलेलं. चारही तारा होत्या. पंचम, जोडीचे दोन षड्ज, खर्ज. जवारीसुद्धा होती, सुताच्या धाग्याने येणारा तो झंकार. स्टुडिओसारखं नाही, पण होतं. मी चष्मा काढून पुसला.

पहिलं ठेसन पास. म्हणजे मायक्रोफोन ऐकत होता, लॅपटॉपपर्यंत आवाज पोचत होता, तो मरत होता पुढे. पुढे एकच ठेसन उरलं होतं, मीटिंगचा प्रोग्रॅम. हे प्रोग्रॅम कचेरीतल्या बोलण्यासाठी बनवलेले आहेत. पंखा, एसी, मिक्सर यांची घरघर पलीकडच्या साहेबाला जाऊ नये म्हणून त्यांत एक चाळणी बसवलेली असते. तिचा ठोकताळा साधा: माणसाचं बोलणं तुटक असतं, शब्द येतो, थांबतो, चढतो, उतरतो. जे न थांबता एकसारखं वाजत राहतं तो गोंगाट. आता सांगा, न थांबता एकसारखं वाजत राहणं याखेरीज तंबोऱ्याने दुसरं काय करायचं असतं? सुरेल तंबोरा आणि छताचा पंखा त्या यंत्राच्या लेखी एकाच जातीचे. म्हणून टवका पोचायचा, आस कापली जायची. माझा लांबवलेला षड्जही त्याच नियमाने पंख्यात जमा. जितका स्थिर लावावा तितका लवकर गळणार. बेसूर, हलणारा सूर कदाचित टिकला असता!

इलाज प्रोग्रॅममध्येच असतो. आम्ही झूम वापरतो. त्यात सेटिंग्जमध्ये ऑडिओखाली 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' म्हणून पर्याय आहे. तो निवडायचा, त्याच्या पोटातला हाय फिडेलिटीचा चौकोन टिक करायचा. एवढ्यावर थांबू नये, इथेच आम्ही एक रविवार फुकट घालवला. वर्ग सुरू झाल्यावर खिडकीत 'ओरिजिनल साउंड' असं बटण दिसतं, ते चालू आहे ना ते बघावं लागतं. गूगल मीटमध्ये नॉइज कॅन्सलेशन बंद करायचं, टीम्समध्ये संगीतासाठी वेगळा मोड आहे. एक पथ्य मात्र आहे: चाळणी काढली की प्रतिध्वनी अडवणारा पडदाही निघू शकतो, मग स्पीकरमधला मुलीचा आवाज तुमच्या माईकमधून तिच्याकडेच परत जातो. तेव्हा दोन्हीकडे कानात वायरचे हेडफोन हवेत. वायरचे का, ते खाली.

त्या रविवारी न्यू जर्सीची मुलगी काही न सांगताच गायला लागली. मी फक्त तारा छेडल्या होत्या.

मिस्त्रीने जाताना बजावलं होतं की एक चाळणी काढली म्हणून सगळ्या निघाल्या असं समजू नका. त्याचं खरं निघालं. पुण्याच्या मुलीकडून येणारा आवाज अजून मार खात होता. तिच्या नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीचंच गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर होतं, आणि विंडोजच्या साउंड सेटिंग्जमध्ये मायक्रोफोनच्या नावावर टिचकी मारल्यावर 'ऑडिओ एनहान्समेंट्स' म्हणून जे येतं तेही चालू. गव्हाच्या पिठाला तीन चाळण्या लावल्यावर कोंडा जातोच, पण पोळीची चवही जाते. तिन्ही काढल्या तेव्हा तिची तार सप्तकातली हरकत पहिल्यांदा ऐकली. आणखी एक: 'मायक्रोफोनचा आवाज आपोआप जुळवा' अशा अर्थाचा जो चौकोन असतो तो गाणाऱ्यांनी बंदच करावा. तो मोठा आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो. परिणामी मुलीचा तार षड्ज मला मध्य षड्जापेक्षा बारीक ऐकू यायचा, आणि "खुल्या आवाजात गा, दबून का गातेस?" म्हणून मी तिला चार वेळा रागावले होते. त्याची भरपाई म्हणून तिला नवी बंदिश दिली.

आता वायरचे हेडफोन का ते. मेलबर्नची मुलगी बिनवायरचे ब्लूटूथ लावून बसायची आणि तिला माझं गाणं जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखं यायचं. कारण असं की या हेडफोनला नुसतं ऐकायचं असेल तेव्हा तो चांगल्या दर्जाचं ऐकवतो, पण त्याचाच माईकही वापरला की बरेच हेडफोन बोलण्याच्या, म्हणजे हँड्स-फ्री पद्धतीवर उतरतात आणि दर्जा टेलिफोनवर येतो. जुन्या टेलिफोनचा पट्टा सुमारे 300 ते 3400 हर्ट्झ. मी गाते काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा षड्ज, माझ्या खर्जाच्या तारेची कंपनं सेकंदाला 104 च्या आसपास. ती त्या दारातून आत येणार कशी? माईक म्हणून लॅपटॉपचा निवडायचा आणि ब्लूटूथ फक्त ऐकायला ठेवायचा, हा एक मार्ग. शंभर-दीडशेचे वायरवाले हेडफोन घ्यायचे, हा माझा.

तंबोऱ्याचं ॲप लॅपटॉपवरच लावणाऱ्यांना एक सांगते. वर्ग जोडला की ॲपचा आवाज एकदम खाली बसतो आणि आपण स्पीकरला दोष देतो. विंडोजमध्ये जुन्या कंट्रोल पॅनेलच्या साउंडमध्ये 'कम्युनिकेशन्स' असा एक टॅब आहे. कॉल सुरू झाला की बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करायचे, असं तिथे आधीपासून ठरवलेलं असतं. कोणी ठरवलं, कोणाला विचारून, देव जाणे. 'डू नथिंग' वर टिक करायची.

एक किस्सा राहिला. तिसऱ्या मायक्रोफोनवर एक बारीक गुणगुण यायची. घरच्यांना ऐकू येत नव्हती, मला झोप येऊ देत नव्हती. पेटी घेऊन ताडून बघितली, तर पांढरी पाचच्या किंचित वर. म्हणजे माझ्या षड्जाच्या अलीकडेच अडकलेली, काळी चारला लागू पाहणारी आणि न पोचणारी, पहिल्या महिन्यातल्या विद्यार्थिनीसारखी. मिस्त्रीला फोनवर सांगितलं तर हसला. म्हणाला, "बाई, ती लाइटची आहे." आपल्याकडच्या विजेची आवर्तनं सेकंदाला 50, त्याच्या दुप्पट 100. पांढरी पाच तिथे 98 ला. चार्जर काढून बॅटरीवर वाजवलं, गुणगुण बंद. आमच्या जुन्या वाड्यातल्या त्या बोर्डाला अर्थिंग नव्हतं आणि मी तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खोचला होता. वायरमनने अर्थिंग करून दिलं. तोवर वर्ग बॅटरीवर.

हे सगळं पेठेत पसरायला वेळ लागला नाही. 'बाई आवाजाचं बघतात' असं झालं आणि मी गल्लीतली वैदू झाले. समोरचे निवृत्त हेडमास्तर आले, त्यांच्या कॉम्प्युटरचे स्पीकर मुके. मुलाने पुण्याहून नवा मॉनिटर पाठवला होता, एचडीएमआय वायरने जोडलेला. साउंड कार्ड गेलं, अडीच हजार पडतील, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. खालच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारली, तर आवाज मॉनिटरकडे जात होता, ज्याच्यात स्पीकरच नाही. यादीतून आपला स्पीकर निवडला. भीमसेनजी सुरू झाले. मास्तर अभंग संपेपर्यंत उठले नाहीत, चहा गार झाला.

भाचीच्या मैत्रिणीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती आणि आवाजच जाईना. तिच्या लॅपटॉपच्या एका कळीवर माईकचं चित्र आणि बारीक लाल दिवा होता. एका बोटाचं काम. कोणाच्या विंडोजमध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनची परवानगीच बंद असते, सगळी यंत्रणा धडधाकट आणि दाराला कडी. डेस्कटॉपवाल्यांचं दुखणं निराळं: मागे गुलाबी भोक माईकचं, हिरवं स्पीकरचं, आणि हातात मोबाइलचा हेडफोन, ज्याच्या एकाच पिनवर तीन काळ्या कड्या. त्या एका पिनेत ऐकणं-बोलणं दोन्ही असतं, ती हिरव्यात घातली की ऐकू येतं, बोलता येत नाही. दोन शेपट्यांचा स्प्लिटर मिळतो. आणि हॉलमधला स्टेजवरचा माईक थेट गुलाबी भोकात घालून "आवाज कुजबुजल्यासारखा येतो" म्हणणाऱ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनी माझ्याकडे येऊ नये. त्याला मधे आवाजाचा मिक्सर लागतो, तुमच्याकडे आहे, वर्गणीतून घेतलाय.

एका गोष्टीला मात्र इलाज नाही आणि तो विकायला कोणी आलं तर पैसे देऊ नयेत. दोन गावांतून एका तालात एकत्र गाता येत नाही. मिरज ते न्यू जर्सी बारा हजार किलोमीटरच्या वर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर जातो, म्हणजे एकीकडूनच साठ मिलिसेकंद तरी नुसत्या वाटेत, आणि प्रत्यक्षात वाट कधी सरळ नसते. मी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आले की मुलगी अजून पंधराव्या मात्रेच्या आसपास कुठेतरी. म्हणून मी गाते, ती ऐकते, मग ती गाते, मी ऐकते. आमच्या गुरुजींच्या घरी तरी दुसरं काय होतं?

संपादक महोदय, माझी तक्रार त्या एका दुकानदारावर नाही. त्याला हे माहीतच नव्हतं. जे त्याला कोणी शिकवलं नाही ते तो मला कुठून सांगणार? त्याच्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर कॉम्प्युटरचे वर्ग चालतात. तिथे एक्सेलमध्ये बेरजा शिकवतात, पत्राला समास सोडायला शिकवतात, पण आवाज कुठे मरतो ते कसं शोधावं यावर एक तासही नाही. आणि हल्ली डॉक्टर पडद्यावर, मुलाखत पडद्यावर, नातवंडंही पडद्यावर! आपल्या पत्राच्या तंत्रज्ञानाच्या पुरवणीत नव्या मोबाइलच्या किमती दर आठवड्याला येतात. त्यातला एक चौकोन महिन्यातून एकदा असल्या साध्या दुखण्यांना द्यावा, आणि तो लिहायला एखाद्या लाउडस्पीकरवाल्यालाच बोलवावं. आमच्याकडे एक आहे. तो लिहिणार नाही, पण सांगेल, मी लिहून देईन.

या प्रोग्रॅमवाल्यांपैकी कोणी मराठी वाचत असेल तर त्यांच्यासाठी एकच. पहिल्यांदा सुरू करताना तुम्ही नाव विचारता, फोटो विचारता. त्यात आणखी एक विचारा: बोलणार की गाणार?

राहता राहिले दोन जादा मायक्रोफोन. ते मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयात पाठवत आहे, एक स्टँडसकट. ज्या शाळेला किंवा शिकवणाऱ्याला गरज असेल त्यांना द्यावेत, पैसे घेऊ नयेत. अट एवढीच की न्यायला येणाऱ्याने आपला 'बिघडलेला' माईक घेऊन यावं, त्यावर पाच सेकंद रेकॉर्ड करून आपल्या माणसाला ऐकवावं. ऐकू आलं, तर त्याला माझा मायक्रोफोन देऊ नये. चहा पाजून परत पाठवावं.

आपली,
एक गायन शिक्षिका, मिरज